प्रवेश, साधन आणि श्रेय : तीन स्त्री-संशोधकांच्या कार्याचा निदानात्मक अभ्यास

प्रास्ताविक

स्त्रियांच्या कर्तृत्वावरील लेखाचा साचा बहुधा ठरलेला असतो. आरंभी प्रतिकूल परिस्थिती, मध्ये दुर्दम्य इच्छाशक्ती, अखेरीस यश आणि समारोपात 'तरुणींनी यापासून प्रेरणा घ्यावी' असा उपदेश. यात असत्य काही नाही. परंतु चिकित्सकाच्या दृष्टीने हे वर्णन अपुरे आहे. एखादा बलवान रुग्ण तीव्र ज्वरातून केवळ स्वतःच्या बलावर उठला, तर त्याच्या सहनशक्तीचे कौतुक करून वैद्य थांबत नाही. ज्वर कोणत्या हेतूने आला, कशाने वाढला व कशाने शमला, हे तो पाहतो. कारण पुढचा रुग्ण तितकाच बलवान असेल, याची शाश्वती नसते.

विज्ञानाच्या व पुरुषप्रधान व्यवसायांच्या क्षेत्रात यशस्वी ठरलेल्या स्त्रियांची चरित्रे याच दृष्टीने वाचावीत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी द्रव्यगुण, आहार व भैषज्यकल्पना या आपल्या विषयांशी थेट संबंध असलेल्या तीन संशोधिकांची वृत्ते येथे निवडली आहेत : डॉ. कमला सोहोनी, डॉ. असीमा चटर्जी आणि चीनमधील प्रा. टू यूयू.

या विषयाची एक पूर्वपीठिका महाराष्ट्रातच आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांसाठीच असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. पदवी संपादन केली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. भारतातून तेथे गेलेली वीस वर्षांची विद्यार्थिनी पाश्चात्त्य परीक्षकांसमोर प्राचीन भारतीय प्रसूतिविचार मांडते, ही घटना आपल्या व्यवसायाने अभिमानाने स्मरावी अशी आहे. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागावर त्यांची नियुक्ती झाली. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पदवी मिळाली, नियुक्ती मिळाली, काम मात्र करता आले नाही. त्यांना शिक्षण मिळाले तेही स्त्रियांसाठी वेगळ्या काढलेल्या संस्थेत, हे लक्षात ठेवावे. पुरुषांसाठीच उभारलेल्या संस्थांची दारे उघडण्याचा प्रश्न त्यानंतरच्या पिढीसमोर आला.

अभ्यासाची पद्धती

प्रत्येक वृत्ताचा विचार तीन अंगांनी केला आहे. पहिले अंग हेतू, म्हणजे कार्यात अडथळा नेमका कशाने आला. दुसरे उपशय, म्हणजे तो अडथळा कोणत्या उपायाने हलला. गूढलिंग व्याधीत उपशयावरूनच हेतूचे अनुमान करावे लागते, हे वाचकांना सांगावयास नको. तिसरे शेष, म्हणजे यश मिळाल्यानंतरही जे दूर झाले नाही ते. तिन्ही वृत्तांतील प्रधान हेतू अनुक्रमे प्रवेश, साधन आणि श्रेय असे आढळले. म्हणून लेखाला ते शीर्षक दिले आहे.

वृत्त पहिले : प्रवेश

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा अग्रक्रमाने उत्तीर्ण झाल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज केला. गुणांच्या आधारावर नकाराचे कारण नव्हते. तरीही संस्थेचे तत्कालीन संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, अर्जदार मुलगी आहे या कारणास्तव प्रवेश नाकारला.

कमलाबाई प्रत्यक्ष बंगळूरला गेल्या, नकाराचे कारण विचारले आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रहाची भूमिका घेतली. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिल्या वर्षी त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीही, काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या उपस्थितीमुळे संस्थेतील पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशी अपेक्षा होती. त्यांनी अटी स्वीकारल्या. परंतु हा आपला मोठा अपमान होता, हे त्या पुढे आयुष्यभर विसरल्या नाहीत आणि जाहीरपणे बोलून दाखवण्यासही कचरल्या नाहीत.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षभरातच त्यांच्या कामाने रामन यांचे समाधान झाले व संस्थेची दारे स्त्रियांना खुली झाली. १९३६ साली त्या एम.एस्सी. झाल्या आणि पुढे केंब्रिजला गेल्या. तेथे डेरेक रिक्टर या संशोधकाने स्वतःचे टेबल दिवसा त्यांना वापरावयास दिले. एका संस्थेने रात्रीही काम करण्याची अट घातली होती. दुसरीकडे एका सहकाऱ्याने त्यांच्यासाठी दिवसाची जागा मोकळी करून दिली. उपशय कशास म्हणतात, हे यावरून कळावे. पुढे रॉबिन हिल यांच्यासमवेत बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतील श्वसनक्रियेत सायटोक्रोम-सी या द्रव्याचा सहभाग त्यांनी दाखवून दिला. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. प्रबंध अवघ्या चाळीस पृष्ठांचा होता.

मायदेशी परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि १९४७ साली विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईत विद्यार्थ्यांसह त्यांनी केलेले काम आपल्या आहारद्रव्यविचाराशी निगडित आहे. नीरेच्या पोषणमूल्यावरील त्यांच्या संशोधनाला राष्ट्रपती पुरस्कार लाभला. कडधान्यांमध्ये ट्रिप्सिन या पाचक द्रव्याच्या क्रियेला विरोध करणारे घटक असतात, त्यांवरही त्यांनी काम केले. हे घटक बहुतांशी उष्णतेने निष्प्रभ होतात. शिंबीधान्ये नीट शिजवूनच का द्यावीत, या आपल्या नित्याच्या पथ्योपदेशाचे एक कारण यातून आधुनिक परिभाषेत समजते.

शेष काय राहिले? संस्थेचे संचालकपद त्यांना मिळाले, पण अंतर्गत राजकारणामुळे काही वर्षे उशिरा. दार एकदा उघडले म्हणजे आतील जिनेही मोकळे होतात असे नाही, हा या वृत्ताचा दुसरा बोध होय.

वृत्त दुसरे : साधन

असीमा मुखर्जी (विवाहोत्तर चटर्जी) यांचा जन्म २३ सप्टेंबर १९१७ रोजी कोलकात्यात झाला. वडील व्यवसायाने डॉक्टर होते व त्यांना वनस्पतींची आवड होती. १९३६ साली रसायनशास्त्रात पदवी, १९३८ साली एम.एस्सी. आणि १९४४ साली कलकत्ता विद्यापीठाची डी.एस्सी. हा त्यांचा शिक्षणक्रम. भारतीय विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. १९४० साली लेडी ब्रेबोर्न महाविद्यालयात रसायनशास्त्राचा विभाग त्यांनीच सुरू केला.

येथे प्रवेशाचा प्रश्न तितका तीव्र नव्हता. प्रश्न साधनांचा होता. वनस्पतीतून कार्यकारी घटक वेगळा करणे हे दीर्घ, खर्चाचे व चिकाटीचे काम आहे. किलोगणती द्रव्यातून काही मिलिग्रॅम शुद्ध घटक हाती येतो. विद्रावके हवीत, उपकरणे हवीत, घटकाची रचना ठरवण्यासाठी पृथक्करण करून घ्यावे लागते. त्या काळी आपल्या विद्यापीठांत अनुदाने तुटपुंजी होती, रसायनांची टंचाई होती आणि नमुने परदेशी पाठवून पृथक्करण करून घ्यावे लागे. हा हेतू स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होता, हे खरे. परंतु साधने तोकडी असली की ती प्रथम प्रस्थापितांकडे जातात, आणि नव्याने आलेल्याला उरल्यासुरल्यावर भागवावे लागते. प्रयोगशाळांत नव्याने आलेल्या त्या काळी स्त्रियाच होत्या.

यावर असीमाबाईंनी शोधलेला उपशय दुहेरी होता. १९४७ साली तान्ह्या मुलीला व तिला सांभाळणाऱ्या बाईंना सोबत घेऊन त्या अमेरिकेला गेल्या. विस्कॉन्सिन व कॅलिफोर्निया येथे आणि नंतर झुरिच येथे पॉल कॅरर यांच्याकडे त्यांनी काम केले आणि १९५० साली त्या परतल्या. मूल आणि संशोधन यांपैकी एकाची निवड त्यांनी केली नाही. दोहोंची व्यवस्था केली. ही व्यवस्था पतीच्या सहकार्यावाचून शक्य नव्हती. त्यांचे पती बरदानंद चटर्जी हे स्वतः भौतिक रसायनशास्त्राचे अध्यापक होते. दुसरा उपशय म्हणजे परतल्यावर विद्यापीठातच त्यांनी विद्यार्थ्यांची एक परंपरा उभी केली. १९६२ पासून १९८२ पर्यंत कलकत्ता विद्यापीठाच्या खैरा अध्यासनाच्या त्या प्राध्यापक होत्या. वीस वर्षांचे स्थिर आसन मिळाल्यामुळेच दीर्घ मुदतीचे काम शक्य झाले, हे विसरता कामा नये.

त्यांच्या कार्यक्षेत्राशी वैद्यवर्ग परिचित आहे. सर्पगंधेच्या व सदाफुलीच्या वर्गातील इंडोल अल्कलॉइडांचे रसायनशास्त्र हा त्यांचा प्रमुख विषय. सुनिषण्णक, म्हणजे मार्सिलिया मायन्यूटा ही बंगालमध्ये शाक म्हणून खाल्ली जाणारी जलवनस्पती, आणि जटामांसी यांच्यावरील काम अपस्मारावरील 'आयुष-५६' या योगाशी जोडलेले आहे. सप्तपर्ण, किराततिक्त, कुटकी व लताकरंज या विषमज्वरावरील परिचित द्रव्यांवरही त्यांनी संशोधन केले. भारतीय औषधी वनस्पतींवरील सहा खंडांचा ग्रंथ त्यांनी सत्येशचंद्र पाक्राशी यांच्यासमवेत सिद्ध केला. कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागात आयुर्वेदीय औषधसंशोधनाची संस्था व तिला जोडून रुग्णालय उभारण्यात त्यांचा पुढाकार होता.

१९६१ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९७५ साली पद्मभूषण आणि त्याच वर्षी भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्षपद, हेही प्रथमच एका स्त्रीकडे आले. १९८२ ते १९९० या काळात त्या राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य होत्या. २००६ साली त्यांचे निधन झाले.

या वृत्तातील शेष असा की, हे साधनांचे बळ त्यांनी स्वतःच्या आयुष्यात कष्टाने जमवले. तान्ह्या मुलीसोबत परदेशी राहण्याची तजवीज हा त्यांच्या कुटुंबाचा खाजगी प्रश्न मानला गेला. ज्या घरात तशी ऐपत वा तसा पती नव्हता, तेथील तितक्याच बुद्धिमान स्त्रीचे काय झाले असेल, याचे उत्तर कोणत्याही चरित्रात सापडत नाही.

वृत्त तिसरे : श्रेय

तिसरे वृत्त भारताबाहेरचे आहे. तथापि पारंपरिक वैद्यक व आधुनिक प्रयोगशाळा यांच्या संगमाचे ते सर्वात बोलके उदाहरण असल्याने त्याचा समावेश आवश्यक वाटला. टू यूयू यांचा जन्म ३० डिसेंबर १९३० रोजी चीनमधील निंगबो येथे झाला. सोळाव्या वर्षी क्षयरोगाने त्यांचे शिक्षण दोन वर्षे खंडित झाले. १९५५ साली औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन त्या बीजिंगच्या पारंपरिक चिनी वैद्यक संस्थेत रुजू झाल्या. पुढे अडीच वर्षे त्यांनी पारंपरिक वैद्यकाचे रीतसर शिक्षणही घेतले. दोन्ही शास्त्रांची भाषा येणे, ही त्यांच्या यशाची खरी पूर्वतयारी होती.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात क्लोरोक्विनला दाद न देणाऱ्या मलेरियाने सैन्य हैराण झाले होते. त्यावर औषध शोधण्यासाठी चीनमध्ये २३ मे १९६७ रोजी एक गुप्त प्रकल्प सुरू झाला व त्या तारखेवरून त्याला '५२३' हे नाव पडले. १९६९ च्या आरंभी टू यांच्याकडे संस्थेतील गटाचे नेतृत्व आले. पती दूर ग्रामीण भागात पाठवले गेले होते. चार वर्षांच्या मुलीला निवासी बालगृहात व धाकट्या मुलीला आईवडिलांकडे ठेवून त्या कामाला लागल्या. बऱ्याच काळाने परतल्यावर मुलीने आपल्याला ओळखलेही नाही, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

त्यांच्या गटाने जुने ग्रंथ व वैद्यांच्या अनुभवांतून सुमारे दोन हजार योग गोळा केले, त्यांतून ६४० निवडले आणि सुमारे २०० वनस्पतींची ३८० हून अधिक सत्त्वे उंदरांवर तपासली. छिंगहाव, म्हणजे आपल्याकडील दवण्याच्या कुळातील आर्टेमिसिया अॅन्युआ, हिच्या सत्त्वाने प्रथम आशा दाखवली. पण परिणाम पुन्हा हाती लागेना. तेव्हा टू पुन्हा ग्रंथांकडे वळल्या. चौथ्या शतकातील ग हुंग या ग्रंथकाराने ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तो रस प्यावा असे सांगितले होते. उकळण्याचा उल्लेखच नव्हता.

पंचविध कषायकल्पना शिकलेल्या वैद्याला येथे काय घडले ते चटकन उमजेल. संशोधक क्वाथ करीत होते. ग्रंथाला हिम व स्वरस यांच्या जवळची कल्पना अभिप्रेत होती. कार्यकारी घटक उष्णतेने नष्ट होत असावा, असे अनुमान करून टू यांनी सुमारे ३५ अंश सेल्सियसला उकळणाऱ्या ईथरमध्ये सत्त्व काढले व त्यातील आम्ल भाग दूर केला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने प्राण्यांतील मलेरियाचे परजीवी पूर्णपणे नाहीसे केले. १९७२ साली टू व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ते सत्त्व आधी स्वतः घेऊन पाहिले आणि मग हैनान येथे २१ रुग्णांना दिले. त्याच वर्षी शुद्ध घटक, आर्टेमिसिनिन, वेगळा झाला. पुढे त्यावर आधारलेल्या संयुक्त औषधोपचाराने जगभर असंख्य प्राण वाचवले.

मात्र १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधावर कोणाचेही व्यक्तिगत नाव नव्हते. तो गटाच्या नावाने छापला गेला. ही त्या काळची तेथील रीत होती आणि प्रकल्पात अनेक संस्थांचा वाटा होता, हेही खरे. परिणाम असा झाला की, कित्येक वर्षांनी हा शोध मुळात कोणाचा, हे मलेरिया-संशोधकांनाही सांगता येईना. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या लुई मिलर व शिनझुआन सू यांनी जुनी पत्रे, बैठकांची टिपणे व मूळ वह्या तपासल्या, तेव्हा टू यांचे नाव निश्चित झाले. २०११ साली लास्कर पुरस्कार व २०१५ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. तेव्हा त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. डॉक्टरेट नाही, परदेशातील प्रशिक्षण नाही आणि चीनच्या विज्ञान अकादमीचे सदस्यत्वही नाही, अशी त्यांची स्थिती होती.

येथील उपशय म्हणजे तारीखवार नोंद. वही नसती, तर श्रेयही नसते. शेष म्हणजे शोध आणि त्याचा सन्मान यांमधील चाळीसहून अधिक वर्षे.

तौलनिक निरीक्षण

तिन्ही वृत्ते शेजारी ठेवली असता काही गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट, तिघींचीही गुणवत्ता आरंभीच सिद्ध होती. अडथळा दूर होण्यापूर्वी त्यांनी स्वतःत काही नवी योग्यता निर्माण केली, असे नाही. बदल झाला तो संस्थेच्या नियमात, जागेच्या उपलब्धतेत वा नोंदीच्या उघडकीत. म्हणजे हेतू त्यांच्या ठिकाणी नव्हता, तो बाहेर होता.

दुसरी गोष्ट, प्रत्येकीच्या वाटेवर कोणी ना कोणी साहाय्यक भेटला : शिकलेले वडील, टेबल देणारा सहकारी, समविषयक पती, कागदपत्रे धुंडाळणारे दोन संशोधक. चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले, त्यात भिषक् प्रधान असला तरी द्रव्य व उपस्थाता यांवाचून तो एकटा पुरेसा ठरत नाही. विद्याव्यवसायाचेही तसेच आहे.

तिसरी गोष्ट, अपत्यसंगोपनाचा प्रश्न दोघींच्या वृत्तांत ठळक आहे व दोघींनाही तो खाजगी पातळीवर सोडवावा लागला. एकीने मूल सोबत नेले, दुसरीला दूर ठेवावे लागले. तिच्या पुरुष सहकाऱ्यांपैकी कोणाला मुलीने ओळखले नाही, याची नोंद कोणी घेतलेली दिसत नाही. कारण ते त्या काळी स्वाभाविक मानले गेले असते.

येथे एक आक्षेप संभवतो. 'गुणवत्ता असेल तर वाट सापडतेच. या तिघींना सापडलीच ना?' असे कोणी म्हणेल. या आक्षेपात एक दोष आहे. ज्या रुग्णालयातून केवळ बरे झालेले रुग्ण मोजले जातात, तेथील चिकित्सा नेहमी यशस्वीच दिसते. १९३३ पूर्वी बंगळूरला जाऊ इच्छिणाऱ्या किती मुलींनी अर्ज केला नसेल, किंवा नकार आल्यावर गप्प बसल्या असतील, त्यांची नावे आपल्यापाशी नाहीत. नाव नाही म्हणून हानी झाली नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

आपल्या व्यवसायातील निदान

आपल्या आयुर्वेद महाविद्यालयांच्या वर्गांत आज विद्यार्थिनींची संख्या मोठी आहे. प्रवेशाचे दार उघडे आहे, हे निर्विवाद. मग आपल्याकडे हेतू उरलाच नाही काय? वर वर्णिलेल्या तीन स्थानांवर क्रमाने पाहू.

प्रवेशाचा अडथळा महाविद्यालयाच्या दारातून हलून शाखेच्या दारात आला आहे. मुलीने प्रसूतितंत्र-स्त्रीरोग वा बालरोग घ्यावा, असा सल्ला घरातून व कधी गुरुजनांकडूनही सहज दिला जातो. शल्यतंत्र वा रसशास्त्र घेऊ पाहणाऱ्या मुलीला 'हे जमेल का?' असे विचारले जाते. मुलाला तो प्रश्न विचारला जात नाही. प्रसूतितंत्र कमी प्रतीचे नाही, परंतु आवड असून वाट बंद असणे व आवडीने वाट निवडणे यांत भेद आहे.

साधनाचा अडथळा विवाहानंतर व अपत्यजन्मानंतर दिसतो. पदव्युत्तर शिक्षण घेतलेली वैद्या दोन-चार वर्षे घरी थांबते आणि परतते तेव्हा तिच्यासाठी जागा उरलेली नसते. वैद्य दांपत्याच्या दवाखान्यात ती सकाळी रुग्ण तपासते, औषधे सिद्ध करवून घेते, हिशेब पाहते. पण पाटीवर व नोंदवहीत एकच नाव असते.

श्रेयाचा अडथळा सर्वात सूक्ष्म आहे. तद्विद्यसंभाषेचे महत्त्व आपण सर्व मानतो. परंतु आपल्या संभाषा कधी व कोठे भरतात? रात्री नऊनंतरच्या बैठकीत, बैठक संपल्यावर फाटकापाशी चालणाऱ्या चर्चेत खरी देवघेव होते. तेथे जी नसते, तिचा अनुभव चर्चेत येत नाही. चर्चेत येत नाही म्हणून लेखात येत नाही. लेखात नाही म्हणून परिषदेच्या व्यासपीठावरही नाही. कोणी मुद्दाम वगळले, असे येथे म्हणावयाचे नाही. संप्राप्ती मात्र अशी आहे.

निदानपरिवर्जन

हेतू कळल्यावर प्रथम चिकित्सा निदानपरिवर्जनाची. बाह्य उपाययोजना काही प्रमाणात झालेली आहे. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ पासून, कारकिर्दीत खंड पडलेल्या स्त्री-शास्त्रज्ञांना पुन्हा संशोधनाकडे आणण्यासाठी योजना सुरू केल्या. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन रजा २६ आठवड्यांची केली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. लहान दवाखाने व खाजगी व्यावसायिक यांपर्यंत मात्र अशा तरतुदी पोहोचत नाहीत. तेथे व्यावसायिकांच्या संघटनेनेच पुढाकार घ्यावयास हवा. शाखांनी पुढील गोष्टींचा विचार करावा :

१. मासिक संभाषेची वेळ ठरवताना स्त्री-सभासदांना विचारावे. किमान एकाआड एक बैठक दिवसा घ्यावी व मुलांना सोबत आणण्याची मुभा असावी.

२. व्यवसायात खंड पडलेल्या वैद्यांना पुनरागमनासाठी एखाद्या ज्येष्ठ वैद्याच्या दवाखान्यात सहा महिने सप्रमाण काम करण्याची संधी द्यावी.

३. दांपत्याच्या दवाखान्यात दोघांची नावे पाटीवर, केसपेपरवर व नोंदवहीत असावीत. ज्याने वा जिने रुग्ण तपासला, त्याची वा तिची सही असावी.

४. प्रत्येक वैद्येने आपल्या विशेष रुग्णांची तारीखवार, स्वाक्षरीसह नोंद ठेवावी. टू यूयू यांचे श्रेय अखेर वहीने राखले, हे विसरू नये.

५. संयुक्त लेखात प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे नाव प्रथम असावे, ज्येष्ठतेने नव्हे.

६. पदव्युत्तर शाखा निवडताना विद्यार्थिनीला शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा : तुझी रुची कशात आहे?

यांतील एकाही उपायाला मोठा खर्च नाही. रिक्टर यांनी दिलेल्या टेबलाला तरी कोठे खर्च होता?

उपसंहार

कमला सोहोनी, असीमा चटर्जी आणि टू यूयू या तिघींचे धैर्य वंदनीय आहे. परंतु सभासमारंभात त्यांचे गुणगान करणे आणि आपल्या शाखेतील वैद्येला बैठकीची वेळ न विचारणे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. धैर्य हे बलवान रुग्णाच्या सत्त्वासारखे आहे. ते असले तर उत्तम, पण चिकित्सकाने त्यावर विसंबू नये. हेतू दूर केला, तर सामान्य बलाचा रुग्णही बरा होतो. विज्ञानात व व्यवसायात स्त्रियांना यशासाठी असामान्य असण्याची गरज उरणार नाही, तो दिवस निदानपरिवर्जन पूर्ण झाल्याचा समजावा.

स्वाध्याय

(शाखेच्या पुढील संभाषेत चर्चेसाठी)

१. आपल्या शाखेच्या गेल्या वर्षीच्या बैठकांत किती स्त्री-सभासद उपस्थित होत्या व त्यांपैकी किती जणींनी विषय मांडला? मोजून लिहा.

२. तिन्ही वृत्तांतील हेतू, उपशय व शेष यांचे कोष्टक तयार करा आणि आपल्या परिचयातील एका ज्येष्ठ वैद्येचे वृत्त, तिच्या संमतीने, त्याच पद्धतीने लिहा.

३. छिंगहावच्या उदाहरणावरून, आपल्या नित्य वापरातील कोणत्या द्रव्यांत क्वाथाऐवजी हिम, फांट वा स्वरस अधिक युक्त ठरेल? शास्त्राधार देऊन चर्चा करा.

४. आपल्या दवाखान्याच्या पाटीवर व नोंदवहीत कोणाची नावे आहेत? कोणाचे असावयास हवे होते?